शत्रूची पहिली गोळी आल्यावर दहा जणांचं सेक्शन नेमकं काय करतं?

तुमचा प्रश्न असा आहे की, सिनेमात गोळीबार सुरू झाला रे झाला की जवान उभ्या उभ्या उलट गोळ्या झाडायला लागतात, तसं खरंच होतं का? नाही हो. मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं रिक्रूटांना हेच शिकवण्यात गेली, म्हणून जरा हक्काने सांगतो.

आधी एक गोष्ट. प्रत्येक गोळीला थांबायचं नसतं. कुठेतरी लांबून, डोक्यावरून उंच गोळ्या जात असतील तर सेक्शन, म्हणजे पायदळाची ही दहा जणांची लहान तुकडी, चालत राहतं. दर आवाजाला लोळण घेतली तर उघड्या माळावरच अडकून बसाल. माणसं पडायला लागली किंवा पुढे जाणं अशक्य झालं, की तो ‘कारगर फायर’. मग मात्र विचार करायला वेळच नसतो. पळ, पड, सरपट, बघ, नेम धर, फायर. हाच क्रम इतक्या वेळा घोटून घेतात की झोपेतही पाय हलतात.

यातलं ‘सरपट’ नवीन पोरं हमखास विसरतात. मीही विसरायचो. पडलो तिथेच डोकं वर काढलं की उस्ताद हेल्मेटवर खडा मारायचे आणि म्हणायचे, “मर गया तू.” कारण तुम्ही कुठे पडलात ते समोरच्याने पाहिलेलं असतं आणि त्याचा नेम त्याच जागेवर असतो. म्हणून चार-पाच पावलं बाजूला सरपटायचं आणि दगडाच्या वरून नाही, कडेने बघायचं.

आता खरी अडचण. गोळी आली कुठून? रायफलच्या गोळीचे दोन आवाज येतात. गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते, म्हणून ती जवळून जाताना चाबूक ओढल्यासारखा ‘कडाड’ होतो. त्यामागून हत्याराचा जाडसर ‘धप्’ पोचतो. नवखा माणूस कडाडच्या दिशेला वळतो आणि फसतो, कारण तो आवाज गोळीच्या वाटेवरचा असतो, बंदुकीचा नव्हे. दिशा सांगतो तो धप्. दोन्हींत साधारण एक सेकंदाचं अंतर पडलं तर शत्रू सहाशे-सातशे मीटरवर आहे, अर्धा सेकंद असेल तर त्याच्या निम्म्यावर. हे पुस्तकातून समजत नाही. फायरिंग रेंजवर बटात, म्हणजे टार्गेटं उभी असतात तिथे, ड्युटी लागली, डोक्यावरून गोळ्या जाताना टार्गेटखाली खंदकात बसलो, तेव्हा कान तयार झाला.

शत्रू दिसला की ज्याला दिसला तो ओरडून सांगतो. सेक्शन कमांडर फायर ऑर्डर देतो, “तीन सौ, आधा दायें, अकेला पेड़, चार बजे, झाड़ी...” म्हणजे आधी अंतर, मग दिशा, मग सगळ्यांना दिसेल अशी खूण आणि त्या खुणेवर घड्याळाचा डायल ठेवून नेमकी जागा. गोळ्यांच्या गदारोळात “तिकडे, तिकडे!” म्हणून काही उपयोग नसतो. तसंच दहाही जणांनी मनाला येईल तिकडे झाडल्या तर दहा मिनिटांत मॅगझिनं रिकामी.

मग एलएमजी, म्हणजे सेक्शनची हलकी मशिनगन, शत्रूचं डोकं खाली दाबून ठेवते आणि रायफलवाले बाजूने वळसा घालतात. एक हलतो तेव्हा दुसरा फायर देतो. धाव फक्त तीन-चार सेकंदांची, म्हणजे समोरच्याला नेम धरायला वेळ मिळत नाही. एलएमजी हल्ल्याच्या वाटेला जमेल तेवढी काटकोनात ठेवायची. सरळ मागे ठेवली तर आपलीच माणसं मध्ये येतात आणि ऐन वेळी ती गप्प करावी लागते.

हे सगळं जमीन साथ देत असेल तर. कारगिलच्या उघड्या चढावर सरपटून जाणार कुठे? म्हणून १९९९ मध्ये हल्ले बहुतेक रात्री झाले आणि आधी बोफोर्सने कडे भाजून काढले.

आणि अगदी जवळून घात लावलेला असेल तर पडायचंही नाही. ती जागा शत्रूने मारण्यासाठीच निवडलेली असते, तिथे पडून राहिलात तर संपलात. सरळ त्याच्यावरच तुटून पडायचं. आमच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत इथे नाईक यशवंत घाडगे यांचं नाव निघतंच. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. जवळून मशिनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे एकतर गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले. ग्रेनेडने मशिनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगनने आणखी एक टिपला. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा गन नळीने धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. पोस्ट हातात आली आणि लगेच लपलेल्या स्नायपरांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत बसल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे.

पोस्ट घेतल्यावर उभं न राहता पसरून आडोसा धरायचा, हा ड्रिलचा शेवटचा भाग शिकवताना मी हीच गोष्ट सांगायचो. एकदा एका रिक्रूटने विचारलं, “उस्ताद, मग घाडगेसाहेब चुकले का?” म्हटलं, अरे, त्यांना फायर द्यायला मागे उरलं होतं कोण?