चिबूक, चिबुक आणि चाबूक

प्रश्न असा आला आहे : जुन्या इस्तंबूलच्या एका प्रवासवर्णनाच्या मराठी अनुवादात ‘पाशा चिबुक हातात धरून बसला होता’ असं वाक्य आहे. पाशानं हनुवटी धरली होती की आणखी काही? आणि आपल्या चाबकाशी याचं काही नातं आहे का?

पाशा तंबाखू ओढत होता. तुर्कीत चुबुक म्हणजे काठी, छडी. तंबाखू ओढायच्या लांब दांडीच्या नळीलाही तेच नाव पडलं. युरोपीय प्रवाशांनी त्याचं चिबूक केलं आणि आपल्याकडे ते त्यांच्याच पुस्तकांतून आलं. काठी हा मूळ अर्थ तुर्कीत अजून जिवंत आहे : इस्तंबूलच्या फेनरबाह्चे फुटबॉल क्लबच्या उभ्या पट्ट्यांच्या जर्सीला ‘चुबुक्लू’ म्हणतात, म्हणजे काठ्याकाठ्यांची.

नाव काठीचं पडलं ते उगीच नाही. चेरी किंवा जाईच्या लाकडाची ही दांडी चार-पाच फुटांचीही असे. बसल्या जागी ओढताना टोकाची वाटी पार जमिनीवर टेके, म्हणून गालिचा जळू नये यासाठी तिच्याखाली धातूची तबकडी ठेवत. या मातीच्या वाटीला ‘लुले’ म्हणतात. इस्तंबूलच्या तोपहाने भागातल्या तांबड्या लुले नावाजलेल्या. तोंडात धरायचा तुकडा, ऐपत असेल तर अंबरचा म्हणजे तृणमण्याचा, त्याचं नाव ‘इमामे’. जपमाळेच्या टोकाच्या लांबट मण्यालाही हेच नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेट आली आणि हा सगळा थाट मागे पडला.

चाबकाचं कूळ मात्र वेगळं. तो फारसीतला, आणि तिथे चाबुक म्हणजे चपळ. घोडे शिकवणारा तो चाबूकस्वार, या आपल्या शब्दात मुळात फटक्यापेक्षा चपळाईच जास्त आहे. गंमत म्हणजे हा फारसी शब्द तुर्कीतही गेला. तिथे कुणी ‘चाबुक, चाबुक!’ म्हणालं तर घाबरू नका, ‘लवकर, लवकर’ एवढंच म्हणणं असतं.

हनुवटीचं चिबुक संस्कृत. नुसता ध्वनीचा योगायोग. (संस्कृतात चुबुक असंही रूप आहे, म्हणजे तुर्की उच्चार जसाच्या तसा लिहूनही सुटका नाही.) इथे आपलं शुद्धलेखन थोडं कामाला येतं. तत्सम म्हणून हनुवटीचं चिबुक ऱ्हस्व, आणि परका अकारान्त शब्द म्हणून नळीचं चिबूक दीर्घ. अनुवादकानं एवढं पाळलं असतं तरी निम्मा घोळ मिटला असता. निम्माच, कारण विभक्ती लागली की दोन्हींचं ‘चिबुकाला’च होतं.

हुक्का किंवा गुडगुडी लिहू नये, या नळीत पाणी नसतं. चिलीम म्हटली तर मराठी वाचकाला धुनीपाशी बसलेला गोसावी दिसेल. मी असतो तर पहिल्यांदा ‘लांब दांडीचा तुर्की चिबूक’ लिहिलं असतं, मग नुसतं चिबूक. आणि पाशाला तो हातात धरून बसवण्याऐवजी ओढायला लावला असता.