पिरिडीन बेसिक, मग पायरोल का नाही?

तुमचा प्रश्न असा: पायरोल आणि पिरिडीन दोन्ही अरोमॅटिक (म्हणजे इलेक्ट्रॉन कडंभर वाटून घेऊन पक्की झालेली अणूंची कडी), दोन्हीत नायट्रोजन, तरी एक बेसिक (प्रोटॉन सहज पकडणारं) आणि दुसरं नाही, असं का? आणि परीक्षा सोडली तर याचा उपयोग काय?

मी लातूर जिल्ह्यात खता-औषधांचं दुकान चालवतो. बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती. हे मला वर्गात कळलं नव्हतं, दुकानात बसून कळलं.

आधी हिशेब. असलं कडं अरोमॅटिक व्हायला सहा पाय इलेक्ट्रॉन (कडंभर वाटले जाणारे) लागतात. पिरिडीनमध्ये पाच कार्बन आणि नायट्रोजन एकेक देतात, सहा भरले. नायट्रोजनची उरलेली इलेक्ट्रॉनची जोडी कड्याबाहेर तोंड करून मोकळीच राहते, प्रोटॉन आला की पकडते. पायरोलमध्ये कार्बन चारच. दोन कमी पडतात, म्हणून नायट्रोजनला आपली जोडी कड्यात घालावी लागते. घरखर्चात गेलेला पैसा उसना कुठून देणार? प्रोटॉनला ती जोडी दिली तर अरोमॅटिकपणाच मोडतो. फार जोराचं ॲसिड घातलं तरी प्रोटॉन बसतो तो शक्यतो कार्बनवर. फ्युरान, थायोफिन या नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन, गंधक असलेल्या कड्यांचा हिशेबही पायरोलसारखाच. तिथं ऑक्सिजन किंवा गंधक एक जोडी कड्यात घालतो आणि एक बाहेर ठेवतो.

आता उपयोग. सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीचा रोग आला की आमच्याकडून हेक्झाकोनॅझोल किंवा प्रोपिकोनॅझोल जातं. दोन्हीत ट्रायझोलचं कडं, तीन नायट्रोजनवालं. एक नायट्रोजन पायरोलच्या वळणाचा, बाकीचे दोन पिरिडीनच्या. बुरशीला पेशीचं आवरण टिकवायला एर्गोस्टेरॉल लागतं आणि ते बनवणाऱ्या एका एन्झाइमच्या पोटात लोह असतं. ट्रायझोलमधल्या पिरिडीनछाप नायट्रोजनची मोकळी जोडी नेमकी त्या लोहाला जाऊन चिकटते. एन्झाइमचं काम ठप्प. गंमत बघा, ते लोह ज्या हीमच्या चौकटीत बसलेलं असतं ती पायरोलच्या चार कड्यांची! म्हणजे तुमच्या प्रश्नातली दोन्ही पात्रं तिथं समोरासमोर.

मेडिकलमधली फ्लुकोनॅझोलची गोळी याच घराण्यातली, काम करायची रीतही हीच. (एकानं मला विचारलं होतं, "मग गोळ्याच पाण्यात कालवून फवारू का?" नका हो, महागातही पडेल आणि बुरशी दाद देईनाशी होण्याचं भय आहेच.)

बाकी फळीवर नजर टाकली तर इमिडाक्लोप्रिड आणि सोयाबीनचं तणनाशक इमॅझेथापायर, दोन्हीत पिरिडीन, थायमेथोक्झाममध्ये थायाझोल (नायट्रोजन आणि गंधक असलेलं कडं). भाजलेल्या शेंगांचा खमंग वास येतो त्यात पायराझिनांचा (दोन नायट्रोजनवाल्या कड्यांचा) मोठा वाटा, तीही याच जातीची.

परीक्षेसाठी एकच सांगतो: इमिडाझोल कागदावर काढा. त्या पाच अणूंच्या कड्यात दोन्ही तऱ्हेचे नायट्रोजन आहेत, मधे एक कार्बन ठेवून. ज्याच्यावर हायड्रोजन आहे त्याची जोडी कड्यात गेलेली, दुसऱ्याची मोकळी. प्रोटॉन कोण घेणार ते बोट ठेवून सांगता आलं की हा धडा झाला.