एअर रायफल घरी उघडू का?

प्रश्न : सर, मुलगा १० मीटर एअर रायफल शिकतोय, पीसीपी आहे (म्हणजे सिलिंडरात आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), सेकंडहँड घेतली. ओळखीचा लेथवाला म्हणतो सिलिंडरचा जॉइंट बदलून देतो, प्रेशर वाढवू म्हणजे जास्त शॉट निघतील. करू का?

उत्तर : नका हो करू, अजिबात नका! त्या सिलिंडरात हवेचा दाब २०० बारच्या (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) आसपास असतो, कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन, म्हणजे जवळजवळ नव्वद पट, आणि तो सिलिंडर मुलाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर असतो. आटे थोडे जरी कमी-जास्त कापले गेले ना, तर जॉइंट गोळीसारखा सुटतो, आणि लेथवर ते नुसत्या डोळ्याला दिसतही नाही. दुसरं म्हणजे ऑइल. सील कोरडं वाटलं की लोक मशीनचं तेल किंवा ग्रीस लावतात, पण एवढ्या प्रेशरला हवा भरताना गरम होते आणि ते तेल पेट घेऊ शकतं. ऑक्सिजनच्या बाटल्यातून भरायचं तर मनातही आणू नका, त्यात तेलाचा अंश असला तर सरळ स्फोटच.

आणि १० मीटरला जास्त प्रेशरचा उपयोग काय? तिथे हवी छर्‍याची एकसारखी स्पीड, ती रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला सारख्याच दाबाने हवा सोडणारा भाग, सांभाळतो.

तुमची सेकंडहँड आहे म्हणून आधी सिलिंडरवरची तारीख बघा, मॅच म्हणजे स्पर्धेच्या रायफलचे बरेच सिलिंडर १० वर्षांसाठीच असतात, मुदत संपली असेल तर नवीनच घ्या, पैसे जातील, जाऊ देत. ट्रिगरलाही घरी हात नको, फार हलका झाला तर धक्क्यानेच सुटतो. सर्व्हिसला कंपनीच्या माणसाकडेच द्या.