गोष्ट सांगणारे आणि चित्रपुस्तकांचे चित्रकार गोष्ट जिवंत कशी करतात?

मी कोल्हापुरात मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो आणि गल्लीतल्या वाचनालयात पोरांना गोष्टी सांगतो. म्हणून दोन्हीकडचं थोडं सांगता येईल.

पहिल्याच पुस्तकात मी माती खाल्ली होती. मजकूर होता, ‘म्हैस गंगावेशीतून पळाली आणि भाजीच्या गाडीमागं लपली.’ (बाहेरगावच्यांसाठी: गंगावेशीत म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात.) मी इमानेइतबारे गाडी काढली, तिच्यामागं म्हैस काढली. पोरं जांभया द्यायला लागली. कानानं ऐकलं तेच डोळ्यांनी बघायचं, तर बघायचं कशाला?

पुढच्या खेपेला मजकूर एवढाच ठेवला, ‘म्हैस कुठंच दिसेना.’ चित्रात कोथिंबिरीच्या जुड्यांआडून फक्त एक शिंग. वाक्य संपायच्या आत पुढं बसलेली पोरगी ओरडली, “आवं, ती काय तिथं हाय की!” गवळ्याला न दिसणारी म्हैस तिला दिसली होती. त्यापुढं गोष्ट तीच सांगत होती, मी नुसता पानं उलटत होतो.

पान उलटणं हीच खरी गंमत. चित्रपुस्तक बहुतेकदा ३२ पानांचं असतं, कारण मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की १६ पानांचा एक फॉर्म होतो, असे दोन. शीर्षकाची वगैरे पानं सोडली की हाताशी तेरा-चौदा जोडपानं उरतात. म्हणून आधी काडेपेटीएवढ्या चौकटींत सगळं पुस्तक कच्चं काढून बघतो. उजव्या पानाच्या शेवटी ‘दार करकरलं आणि...’ असं सोडायचं, दारात कोण ते पुढच्या पानावर. सांगणारा जिथं श्वास रोखतो, तिथंच चित्रकार पान संपवतो. (आणि चेहरा मधल्या शिवणीत जाऊ द्यायचा नाही. माझा एक राजा तसा नाकावाचून छापला गेलाय.)

जमलं तर घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथले चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गातात. चित्र कधी बदलायचं हे गाणाराच ठरवतो.

घरी वाचून दाखवणार असाल तर वाचून झाल्या झाल्या पान उलटू नका. पोरं कोपरे बघत असतात. त्या म्हशीच्या पानावर खाली डावीकडं मी उगाच एक मांजर काढलं होतं, मजकुरात त्याचा पत्ताच नाही. आता वाचनालयात ते पुस्तक ‘मांजराची गोष्ट’ म्हणून मागतात.