गोळ्या क्वचितच घेतल्या, तरी जुलाबाचे जंतू औषधाला दाद का देत नाहीत?

खानापूरच्या आमच्या आत्याचाही हाच सवाल होता. "आयुष्यात दोनदा अँटिबायोटिक घेतलं असेन, मग माझ्याच पोटातले जंतू कसे निर्ढावले?"

आत्या, निर्ढावतो तो जंतू, माणूस नव्हे. आणि ही विद्या त्याला शेजारच्या जंतूकडून आयती मिळते.

मुख्य गुणसूत्राशिवाय अनेक जंतूंकडे डीएनएची छोटी वर्तुळं असतात, तीच प्लाझ्मिडं. औषधाला न जुमानण्याची विद्या बऱ्याचदा त्यांवरच लिहिलेली असते. एक जंतू बारीक तंतू टाकून दुसऱ्याला जवळ ओढतो, प्लाझ्मिडच्या दोन धाग्यांपैकी एक पलीकडे जातो आणि दोघेही आपापली जोडी पूर्ण करतात. बेळगावी कुंद्याची कृती शेजारणीला सांगितली म्हणून आपल्या घरचा कुंदा थोडाच कमी होतो? तसंच हे. जंतूची जात वेगळी असली तरी बऱ्याचदा जमतं. जपानमध्ये १९५९ साली आमांशाच्या शिगेलाकडून आतड्यात राहणाऱ्या साध्या ई. कोलायकडे औषधाला दाद न देण्याचा हा गुण जातो, हे दाखवलं गेलं. उलटही घडतं, म्हणजे आपले निरुपद्रवी जंतूच या गुणाचं कोठार होऊन बसतात.

खरी गोम पुढे आहे. एकाच प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांना पुरून उरणारी जनुकं असू शकतात. मग सर्दीला उगाच घेतलेली अँटिबायोटिकची एखादी गोळीही, बाकीच्या औषधांना न जुमानणारे जंतूच मागे ठेवते.