सर्व्हिस डॉगला नेमकं काय शिकवतात? अपंग माजी सैनिकाबरोबर दिवसभर राबवणं हा कुत्र्यावर अन्याय नाही का?

काय शिकवतात? बराचसा वेळ दुर्लक्ष करायला शिकवतात. हे ऐकून लोक हिरमुसतात, पण खरं तेच आहे.

आम्ही कॅलिफोर्नियात 'कनाइन कम्पॅनियन्स' या संस्थेसाठी पिल्लं वाढवतो. पिल्लू आठ आठवड्यांचं असताना घरी येतं आणि साधारण दीड वर्षाचं झालं की परत जातं. खाणं, डॉक्टर, सगळा खर्च आपला. आमची पर्ल लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरची मिश्र. (एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून तिची भावंडंही सगळी 'प'ची.)

पहिली शाळा आमचं स्वयंपाकघर. शिरा करताना बेदाणा खाली पडला, कांदा चिरताना फोड उडाली, तरी तोंड लावायचं नाही. हे नुसतं शिस्तीसाठी नव्हे, दोन्ही गोष्टी कुत्र्यांना विषारी. 'हरी' म्हटलं की शू करायची. हा इंग्रजीतला 'हरी', घाई कर या अर्थाचा. भारतातून आलेली आई पहिल्या दिवशी दचकलीच! पुढे मंडळाच्या गणपतीत ढोल-ताशा सुरू असताना पर्ल माझ्या खुर्चीखाली दोन तास झोपून राहिली, तेव्हा वाटलं, ही जमवणार.

दाराचा पट्टा ओढणं, दिवा लावणं, पडलेली किल्ली उचलून हातात देणं ही कामं पक्की होतात ती नंतर, संस्थेतल्या प्रशिक्षकांकडे, सहाएक महिन्यांत. जमत नाही अशी पिल्लंही बरीच असतात. ती बाद होतात आणि कुणाच्या तरी घरी मजेत लोळतात. निवड झालेला कुत्रा गरजूला मोफत मिळतो. पदवीदान समारंभात पट्टा आपणच त्याच्या हातात द्यायचा. मी रडणार नाही असं ठरवून गेले होते. ते राहू दे.

पर्ल ज्यांच्याकडे गेली ते इराकमध्ये लढलेले, आता व्हीलचेअरवर. मला वाटायचं, तिचं मुख्य काम वस्तू उचलण्याचं असेल. ते म्हणाले, वस्तू उचलायला काठीचा चिमटाही चालतो. रात्री वाईट स्वप्नात ते ओरडू लागले की ती नाकाने ढोसते, तरी जाग आली नाही तर दिवा लावते. पूर्वी त्यांना उठवायला बायको घाबरायची, कारण झोपेत हात उगारला जायचा.

इथे १९९० च्या अपंगहक्क कायद्यामुळे असा कुत्रा दुकानात, हॉटेलात नेता येतो. दुकानदार दोनच गोष्टी विचारू शकतो: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. प्रमाणपत्र मागता येत नाही. याचा फायदा घेऊन काही महाभाग सर्व्हिस डॉग कामावर असताना घालतात तसलं जॅकेट ऑनलाइन मागवून घरचं लाडकं कुत्रं सगळीकडे फिरवतात. तसलं कुत्रं दुकानात पर्लवर भुंकलं, तर खोळंबा व्हीलचेअरवाल्याचा होतो. माझा खरा राग त्यांच्यावर आहे.

आता अन्यायाचं. न आवडणाऱ्या कुत्र्याकडून हे काम करून घेता येत नाही, बाद होणारी पिल्लं तेच तर सांगत असतात. आणि दिवस म्हणाल तर बहुतेक टेबलाखाली झोपण्यात जातो. जॅकेट उतरलं की चेंडू, चिखल, सगळं असतं.

गेल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले. पर्लच्या अंगावर निळं जॅकेट होतं. तिने मला ओळखलं, शेपटी जमिनीवर धपाधप आपटू लागली, पण बूड काही उचललं नाही. ते हसले, तिचं जॅकेट काढलं आणि 'रिलीज' म्हणाले. पुढच्या क्षणी मी हिरवळीवर आडवी होते आणि माझा चष्मा तिच्या तोंडात.