बाराव्या दिवशी अस्तर ६.४ मिमी आणि पुढे ढकललेले ट्रान्सफर

गोठवलेल्या भ्रूणाच्या ट्रान्सफरसाठी, म्हणजे ते गर्भाशयात सोडण्यासाठी, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज ६ मिलिग्रॅम एस्ट्राडायोल व्हॅलरेट (इस्ट्रोजेनच्या गोळ्या) घेऊनही बाराव्या दिवशी गर्भाशयाचे अस्तर ६.४ मिलिमीटरच भरले, डॉक्टरांनी ट्रान्सफर पुढे ढकलले आणि आता घरात तुमच्या खाण्यापिण्याची व ऐरोली-ठाणे लोकलच्या धावपळीची उलटतपासणी सुरू झाली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. मात्र या वाटेने तीनदा गेले आहे, त्यामुळे जे पक्के ठाऊक आहे तेवढेच लिहिते.

भ्रूणाचे काहीही बिघडलेले नाही. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते आणखी दोन महिने राहिल्याने त्याची प्रत उतरत नाही, आणि आपल्याकडच्या २०२१ च्या कायद्यानेही ते १० वर्षांपर्यंत साठवता येते. खरा खर्चिक निर्णय ते थॉ करण्याचा, म्हणजे गोठणातून बाहेर काढण्याचा, असतो, म्हणून त्याआधी थांबणारे डॉक्टर मला तरी सावध वाटतात. धावपळीने किंवा लोकलच्या गर्दीने अस्तर पातळ होत नाही, हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगितले तरी चालेल. बीट-डाळिंबाचा रस आवडत असेल तर प्यावा, पण त्याने अस्तर वाढते याला भक्कम पुरावा नाही.

आता ६.४ या आकड्याविषयी. बहुतेक ठिकाणी ७ मिमी ही किमान रेषा धरतात. त्याखाली यशाची शक्यता कमी होत जाते, पण ती शून्य होत नाही आणि याहून पातळ अस्तरावरही मुले झाली आहेत. शिवाय हे मोजमाप गर्भाशयाच्या उभ्या छेदात, अस्तर सर्वांत जाड असेल तिथे घेतले जाते, त्यामुळे सोनोग्राफी करणारा हात बदलला की अर्धा-एक मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतो. म्हणून आकड्याबरोबरच तीन रेषांचा स्पष्ट नमुना दिसतो का, हेही विचारावे. बारावा दिवस ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. इस्ट्रोजेन आणखी आठवडाभर चालू ठेवून, मात्रा वाढवून किंवा गोळीऐवजी पॅच वा जेल देऊन पुन्हा पाहता येते. ते का केले नाही, हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

इथे माझा एक मूर्खपणा सांगते. या गोळ्या १ आणि २ मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदीच्या मिळतात. पहिल्या वेळी औषधाच्या दुकानातून १ मिलिग्रॅमच्या पट्ट्या आल्या, मी चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे तीन वेळा एकेक गोळी घेत राहिले आणि नऊ दिवस निम्म्याच मात्रेवर काढले. तुमच्या पट्टीवरचा आकडा आज एकदा वाचाच.

मात्रा बरोबर असूनही अस्तर भरत नसेल, तर कारण शोधावे लागते. पूर्वी क्युरेटिंग (गर्भाशय आतून खरवडून साफ करणे) झाले असल्यास आतून चिकटलेले पडदे, दीर्घकालीन सूज, आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा गर्भाशयाचा क्षयरोग, ही मुख्य कारणे. त्यांचा खुलासा बहुधा दुर्बिणीच्या तपासणीतून, म्हणजे हिस्टेरोस्कोपी आणि बायोप्सीतून होतो. मात्र केवळ पीसीआर (क्षयाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला म्हणून सहा महिने क्षयाची औषधे सुरू करण्याआधी दुसरे मत घ्यावे, कारण ही चाचणी एकटी फसवू शकते. अस्तर वाढवण्यासाठी दिले जाणारे सिल्डेनाफिल (रक्तप्रवाह वाढवणारे औषध) आणि पीआरपी (स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्सचा द्रव) यांचा पुरावा अजून कच्चा आहे. आधीच गर्भाशयाला ओरखडे काढण्याचा प्रकार तर मोठ्या चाचण्यांत टिकलेला नाही.

तुमची पाळी २८-३० दिवसांनी नियमित येते, असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून पुढच्या वेळी नैसर्गिक सायकलचा, म्हणजे इस्ट्रोजेनच्या गोळ्यांशिवायच्या पाळीचक्राचा, विषय जरूर काढा. माझे तिसरे ट्रान्सफर तसेच झाले. त्यात स्वतःच्याच फॉलिकलमधून (बीज वाढते त्या पिशवीतून) इस्ट्रोजेन मिळते आणि स्त्रीबीज सुटल्यावर उरलेले कॉर्पस ल्युटियम प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भाला आधार देणारे संप्रेरक, बनवते. गोळ्यांच्या सायकलमध्ये ते नसते, आणि गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचे प्रमाण तिथे अधिक दिसते, त्यामागे हे एक कारण मानले जाते. अडचण एवढीच की तारीख आपल्या हाती राहत नाही. दहाव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफीला जावे लागते आणि बीज रविवारी सुटायचे असेल तर ते रविवारीच सुटते.

कोणतीही पद्धत ठरो, अस्तर तयार झाल्यावर खरे घड्याळ प्रोजेस्टेरॉनचे असते. गोळ्यांच्या सायकलमध्ये ब्लास्टोसिस्ट (पाचेक दिवस वाढवलेले भ्रूण) साधारणपणे पाच पूर्ण दिवसांच्या प्रोजेस्टेरॉननंतर, सहाव्या दिवशी सोडतात. म्हणून पहिली मात्रा कोणत्या तारखेला, किती वाजता, हे कागदावर लिहून घ्या. ट्रान्सफरच्या सुमारास रक्तातील पातळी तपासणार का, तेही विचारा. योनीमार्गाच्या औषधावर ती कमी आली तर काही डॉक्टर इंजेक्शन जोडतात. तेलातल्या इंजेक्शनने कमरेखाली गाठी येतात, कोमट शेक द्यावा. आणि ट्रान्सफरनंतर थोडे रक्त दिसले, तरी आपल्या मनाने औषध बंद करू नका: गोळ्यांच्या सायकलमध्ये गर्भाला आधार देणारे संप्रेरक केवळ बाहेरूनच मिळत असते आणि वार ते काम हाती घेईपर्यंत, म्हणजे साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत, ते चालू ठेवावे लागते.